शिडाची होडी विकणे आहे, मुक्काम जव्हार

देवजी : कोंबड्या काढल्या, बाय. अंडी पन काढली. आता आत गेला तरी वास येनार नाय.

नीता : कोंबड्या? देवजीकाका, बाबांच्या बोटीत तुम्ही कोंबड्या ठेवल्या होत्या?

देवजी : ठेवल्या नाय, त्याच जात व्हत्या. एवढी कोरडी जागा सगळ्या पाड्यात दुसरी नाय. कोंबडीला कळतं ते.

नीता : अहो, गोव्याची शर्यत जिंकलेली बोट आहे ती.

देवजी : मंग? जिंकलेल्या होडीत बसली तर अंडं काय वाकडं येतं?

नीता : ते गृहस्थ येतील एवढ्यात. गुप्ते नाव. त्यांच्यापुढे कोंबड्यांचा विषय काढू नका. आणि बोटीखाली शेणाने कुणी सारवलं?

देवजी : माज्या बायकूनं, कोंडीनं. म्हनली, पोरगी बघाय पाव्हनं येतात तवा आपन अंगन सारवतो. मंग होडी बघाय येनार, तर नको का सारवाय?

नीता : तुमची दोघांची लगबग बघून वाटतंय, बोट मी विकतच नाहीये, तुम्ही विकताय. खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्हाला वाईट वाटेल. बाबा गेले तरी तुम्ही तिला सोडलं नाहीत. पावसाच्या आधी ताडपत्री, दिवाळीला तेलपाणी.

देवजी : सांभाळली ना? म्हंजे झालं. आता जाऊ दे.

नीता : गेली की तुमचा पगारही जाईल, हे लक्षात आहे ना?

देवजी : हाय. जाऊ दे. आजच नेतील का ते?

नीता : आज कशी नेतील? क्रेन लागते, लांब ट्रेलर लागतो. आणली तेव्हाची तारांबळ विसरलात?

देवजी : इसरंन कसा? मीच म्होरं बांबू घेऊन चाललो व्हतो, गावागावात लाईटच्या तारा वर उचलत. घाटाच्या वळनावर अडकली, तर दोनी बाजूला एसट्या उभ्या. लोकांनी खाली उतरून डबे खाल्ले. जव्हारच्या बाजारात म्हाताऱ्या हात जोडाय लागल्या. त्यांना वाटलं, रथ हाय कसला तरी.

नीता : आणि पुढच्या जीपमध्ये बाबा, कॅप्टनची टोपी घालून. आई म्हणायची, समुद्रकाठी राहून डोंगरात बोट नेणारा नवरा शोधूनही सापडला नसता.

देवजी : सायेब मला म्हनायचे, देवजी, मुंबईत पान्यात होडी उभी कराय पन भाडं पडतं. हितं पानी आपल्या दारात येनार. खालच्या नदीला धरन मंजूर झालंय. मोजनीवाल्यानं नकाशा दावला व्हता ना त्यांना.

नीता : सरकारी नकाशावर बाबांचा भारी विश्वास. सबंध हयात गेली, पण पाणी काही आलं नाही. पण तुम्हाला एवढी कसली घाई झालीये, ते सांगा. उडवाउडवी नको.

देवजी : रोहिदासचं लगीन अडलंय.

नीता : तुमच्या मुलाचं? बोटीमुळे?

देवजी : खोडाळ्याची पोरगी हाय, चिमी. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. मंग तिचा बा आला घर बघाय. अंगनात उभा ऱ्हायला आन् वर बघाय लागला. म्हनला, ती होडी कोनाची? मी म्हनलं, सायबाची. म्हनला, सायेब येडा हाय का? आता मी सायबाला येडा कसा म्हनू? म्हनलं, नाय, शाना हाय. तो म्हनला, मंग शाना मानूस डोंगरात होडी आनतो, ती पानी येनार म्हनूनच. बुडनाऱ्या घरात मी पोरगी देनार नाय.

नीता : वेडा म्हणायचंत की सरळ. मी काही रागावले नसते.

देवजी : तवा सुचलं नाय. पन त्याचं चुकलं कुटं? ज्याच्या घरात पाळना टांगलाय, तिथं लेकरू येनार असं कुनीबी म्हननार. आमाला रस्ता नाय, का? तर बुडीतातला पाडा. इहीर मागाय गेलो तर हसतात. म्हनतात, बुडाल्यावर पानीच पानी, इहीर कशाला? कौलं फुटली तरी लोक बदलत नायत, उगी पैसा कशाला घाला म्हनतात. शेवटी चिमीचा बा म्हनला, ती होडी हलू दे, मी दुसऱ्या दिशी कुकू लावाय येतो.

नीता : मग हलवू. गुप्त्यांनी घासाघीस केली तरी मी ताणणार नाही. झालं समाधान?

देवजी : झालं. कोन तरी आलं बघा.

(खालच्या पायवाटेने गुप्ते वर येतात. निघताना बूट पांढरे असावेत. माणूस मात्र प्रसन्न आहे, जणू सासुरवाडीला आला आहे.)

गुप्ते : नमस्कार. शिवाजी महाराज थांबले होते ते शिरपामाळ बघून आलो, म्हणून जरा उशीर. ही का ती? वा. फोटोपेक्षा देखणी आहे.

नीता : नमस्कार, मी नीता. आपलं फोनवर बोलणं झालं. हे देवजीकाका, इथलं सगळं तेच बघतात.

गुप्ते : जाहिरातीत तुम्ही परफॉर्मन्स क्रूझर लिहिलंत, म्हणून मुद्दाम आलो. आत सहा माणसं झोपतील आणि वारा मिळाला की शर्यतीत पळेल, अशी बोट. नाहीतर हल्ली लोक तरंगता दिवाणखाना विकतात.

देवजी : पळती सायेब. लई पळती.

गुप्ते : तुम्ही बघितलंय पळताना?

देवजी : घाटात. उतारावर ट्रेलर सुटला व्हता. आमी समदे मागनं धावलो, गावली नाय.

नीता : काका.

गुप्ते : असू द्या हो, मजेशीर आहेत. डोलकाठी कुठे आहे?

देवजी : आमच्या पडवीत, आडवी टांगलीय. रोज पुसली जाती.

नीता : त्यावर गोधड्या वाळत घालतात ते. मी स्पष्टच सांगते. शिडं उंदरांनी कुरतडलीत, नवीन घ्यावी लागतील.

देवजी : एकच कुरतडलं. दुसऱ्याची नुसती कड.

गुप्ते : शिडं होतील. आत पाणी झिरपतं का?

देवजी : सायेब, हिच्यावर आमच्या जव्हारचा पाऊस पडतो, चार म्हैने. समुद्रातल्या होडीवर एवढं पानी पडत नसंल. आत थेंब नाय. हात लावून बघा. हितं गादी टाकून कोनबी झोपंल.

गुप्ते : खरंच की, कोरडी ठणठणीत. नीताताई, मला पसंत आहे. तुम्ही सांगितलेल्या किमतीत काही कमीजास्त करायचं नाही.

देवजी : मंग ट्रेलर कवा आनता? लावनीच्या आदी आना. आमची पोरं हायत, हात लावतील. त्यांना काय द्याय नको.

गुप्ते : ट्रेलर कशाला?

देवजी : न्यायाला.

गुप्ते : न्यायची कुठे? मी हिला इथेच ठेवणार आहे.

नीता : इथे? डोंगरात?

गुप्ते : बोटी मुंबईत पन्नास मिळतील. ही इथे आहे, म्हणून तर घेतोय. वर चढवायचा सगळा उपद्व्याप तुमच्या वडिलांनी आधीच करून ठेवलाय. त्यांना ज्या वाण्याने ही जागा विकली, त्याच्याकडूनच शेजारची वरची जागा मी मागच्या महिन्यात घेतली. पाणी आलं की बोट आपोआप तरंगायला लागेल.

नीता : पाणी कुठलं? गुप्तेसाहेब, बाबांना याच पाण्याच्या गोष्टी सांगून फसवलं होतं.

गुप्ते : फसवलं नाही हो, उशीर झाला. शिमग्यानंतर नव्याने मोजणी झालीये, माहीत नाही तुम्हाला?

देवजी : आली व्हती मानसं. मी त्यांना चा पाजला. पाय मोकळे कराय आलोय म्हनले.

गुप्ते : त्या साहेबांशी माझा परिचय आहे. त्यांनीच सांगितलं. जुनी फाईल गहाळ, दगडांवरच्या खुणा पावसाने धुऊन गेलेल्या. सगळं पहिल्यापासून करायचं तर आणखी एक पिढी गेली असती. प्रस्ताव गुंडाळायचाच होता त्यांना. तेवढ्यात इथल्या मोहाच्या झाडाखालच्या दगडावर एक खूण मिळाली. पाण्याच्या वरच्या रेषेची, लालभडक. ती धरून त्यांनी अख्खी रेघ पुन्हा ओढली. म्हणत होते, खात्याने इतका टिकाऊ रंग वापरलेला मी जन्मात पाहिला नाही.

नीता : देवजीकाका? काय झालं?

देवजी : शेंदूर हाय तो.

गुप्ते : काय म्हणालात?

देवजी : रंग नाय, शेंदूर. पयले मोजनीवाले आले तवा दगडाला लाल फासून गेले. आमच्यात दगडाला लाल लावतात तो देवच. आमच्या फागी म्हातारीनं सांगितलं, हा सरकारचा देव हाय, पानी आननारा. राजी ठेवा, म्हंजे आपल्या वाटंला जानार नाय. मंग आमी दर साल लावनीच्या आदी त्याला शेंदूर लावतो. नारळ देतो, कोंबडी देतो. सांगतो, बाबा, हितवर पानी आनू नको.

गुप्ते : दर वर्षी?

देवजी : एक साल चुकलो नाय. नवा शेंदूर जव्हारच्या बाजारातनं मीच आनतो. चांगल्यातला.

गुप्ते : कमाल आहे. म्हणजे सरकारची खूण तुम्ही राखलीत. खात्याने तुमचा सत्कार करायला हवा.

नीता : हसू नका, गुप्तेसाहेब. त्यांचं शेत आहे खाली. घरही रेघेच्या आतच जाईल. आणि माझी एक अट आहे. बोट इथून हलवणार असाल तरच विकेन.

गुप्ते : अहो, मग मी दुसरी आणीन. तुमची इथे राहिलीच, तर लोकांना दोन दिसतील.

नीता : माझी मीच हलवते. ट्रेलर मी मागवते. काका, रोहिदासचं लग्न अडायला नको.

देवजी : नको बाय.

नीता : का नको? होडी हलली की कुंकू लावतो म्हणालाय ना तो?

देवजी : म्हनला व्हता. पन मला आता ठावं झालंय ना. होडी हलवायची, त्याची पोरगी घरात आनायची आन् मंग पानी आलं तर? मी त्याला काय तोंड दावू? मलाच जाऊन सांगाय लागंल. लई वाईट वाटतं, बाय. समद्या पाड्यांत आमीच त्या दगडाचं एवढं मन लावून केलं.

गुप्ते : हे बघा देवजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मोबदला मिळेल, वर कुठेतरी जागा देतील. तुमचा पगार मी चालू ठेवतो, वाढवून देतो. रोहिदासलाही ठेवून घेऊ. दोघांना शीड सांभाळायला शिकवीन. डोळ्यांसमोर आणा, इथून निघायचं, समोरच्या टेकडीला वळसा, परत यायचं, सगळं निळं पाणी. पोहायला येतं ना?

देवजी : नाय.

गुप्ते : खाली नदी असून पोहता येत नाही?

देवजी : नदी गुडघाभर सायेब. तिकडं त्या टेकडीपत्तूर आमचं भात असतं. बांधावरनं चालत जातो आमी.