डोळे ठीक असल्याचा दाखला

(डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. सकाळचे पावणेअकरा. बहीण इथली डॉक्टर. थोरला भाऊ चिखलाच्या बुटांनिशी पेशंटच्या खुर्चीत.)

डॉक्टर : सहा वाजून दहा मिनिटांनी तू गोळी झाडलीस, ती वाटाड्याच्या मांडीत शिरली. इथपर्यंत कळलं. हॉस्पिटलात कधी पोचलात?

भाऊ : पावणेआठला. गाडीपर्यंत एकट्यानं उचलून आणला त्याला.

डॉक्टर : आता कसा आहे?

भाऊ : ऑपरेशनला घेतलाय. पाय राहतो की जातो, कुणी सांगत नाही. तुम्ही डॉक्टर लोक धड कधी काही सांगता का?

डॉक्टर : आणि तिथं थांबायचं सोडून तू इकडं आलास.

भाऊ : त्याची बायको आहे तिथं. धाकटे, अकरा वाजता बंदुकीच्या परवाना कार्यालयाचा अधिकारी तुझ्याकडे येतोय. माझ्या डोळ्यांच्या दाखल्यामागचं तपासणीचं कार्ड त्याला हवंय.

डॉक्टर : मलाही फोन आला होता. कार्ड काढून ठेवलंय.

भाऊ : मग परत आत टाक. गहाळ झालं म्हण. रंगकाम काढलं होतंस ना मागं, त्यात गेलं म्हण.

डॉक्टर : आधी काय झालं ते सांग. पोलिसांना सांगितलंस ते नको.

भाऊ : वेगळं काही नाही. झुडपात डुक्कर होतं, मी झाडली. गोळी डुकरातून आरपार गेली आणि पलीकडे हा. ओढ्यापाशी बस म्हणून बजावलं होतं, तर हा पुढं आलेला. बावीस वर्षं माझ्याबरोबर रान तुडवतोय, एवढी अक्कल नको?

डॉक्टर : रायफल कुठली होती?

भाऊ : मोठी.

डॉक्टर : रानरेडा लोळवायची रायफल डुकरावर? साधी घरात असताना?

भाऊ : तुला त्यातलं कळत नाही. मोठ्या बोअरच्या रायफलचा परवाना टिकवायचा तर वर्षातून एकदा तरी वापरल्याची नोंद दाखवावी लागते. नाही दाखवली की म्हणतात, गरज काय तुम्हाला, जमा करा. वर्ष भरायला चार दिवस उरले होते.

डॉक्टर : म्हणजे नोंदीसाठी गेला होतास.

भाऊ : शिकारीला गेलो होतो. नोंद काय, झाली असती ओघानं.

डॉक्टर : झाली की. डुक्कर कुठंय?

भाऊ : पळालं.

डॉक्टर : ती गोळी आरपार गेल्यावर?

भाऊ : जनावराचं काय सांगावं.

डॉक्टर : मागं रक्त सांडलं असेल.

भाऊ : होतं रक्त.

डॉक्टर : कुणाचं?

भाऊ : वकिलासारखी बोलू नकोस माझ्याशी.

डॉक्टर : तो काय करत होता तिथं?

भाऊ : गुडघ्यांवर बसून माग बघत होता. वाकून.

डॉक्टर : किती लांब?

भाऊ : साठ पावलं असेल.

डॉक्टर : आणि अंगात? ते नारिंगी जाकीट होतं?

भाऊ : होतं. पहाटेच्या उजेडात सगळं सारखंच दिसतं.

डॉक्टर : तुला.

भाऊ : मला? डोळे ठणठणीत म्हणून लिहून कुणी दिलं? ह्याच खुर्चीत बसून शेवटची ओळ घडाघडा वाचली मी. सही तुझी आहे, डॉक्टरीणबाई. मी बुडालो तर एकटा नाही बुडणार.

डॉक्टर : पाठ केली होतीस तू ती ओळ.

भाऊ : बरं, केली होती. आईला तपासणीला मीच आणायचो ना? इथं बसून बसून अख्खा तक्ता तोंडपाठ झाला. मग तेच सांग त्याला, भावानं फसवलं म्हणून. मी नाही म्हणणार नाही. बहिणीसाठी एवढं करीन.

डॉक्टर : मी फसले नव्हते.

भाऊ : म्हणजे?

डॉक्टर : आई गेली त्या वर्षी मी तक्ता बदलला. नव्यावर आकडे आहेत, दादा. तू अक्षरं वाचलीस.

भाऊ : आणि तू ऐकून घेतलंस.

डॉक्टर : वहिनी जाऊन तीन महिने झाले होते. तू धड जेवत नव्हतास. ताठ बसून, भिंतीकडे बघत इतक्या ऐटीत वाचलंस, की मी तशीच सही केली. म्हटलं, रायफल कपाटातच राहील. तेल लावत बसेल, पुसत बसेल, तेवढाच जिवाला विरंगुळा.

भाऊ : कार्डावर काय लिहिलंयस?

डॉक्टर : खरं ते, यंत्रावर तपासल्यावर निघालं ते. उजव्या डोळ्यानं तिसऱ्या ओळीच्या खाली काही दिसत नाही, डाव्यानं त्याहून कमी. दाखल्यावर मात्र ‘योग्य’. दोन्ही एकाच दिवशी.

भाऊ : डोकं ठिकाणावर होतं का तुझं? खोटंच लिहायचं तर दोन्हीकडे लिहायचंस.

डॉक्टर : पेशंटच्या कार्डावर खोटं लिहायला हात गेला नाही.

भाऊ : आणि सरकारी दाखल्यावर गेला. फाड ते आता. माझी रायफल जाईल, तुझा दवाखाना जाईल.

डॉक्टर : थांब, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा फोन आहे. बोला सर. हो, माझाच भाऊ. अच्छा. किती वेळ लागेल? बरं, ठेवते.

भाऊ : काय म्हणतात?

डॉक्टर : पाय वाचेल असं वाटत नाही. अजून तासभर चालेल. भूल द्यायच्या आधी पोलिसांनी त्याचा जबाब घेतला.

भाऊ : काय बोलला?

डॉक्टर : मीच जागा सोडून पुढं गेलो, साहेबांची चूक नाही.

भाऊ : बघ. खुद्द तोच म्हणतोय. आता कार्डाची कुणाला पडलीय?

डॉक्टर : काय बोलायचं ते गाडीत तूच सांगितलंस ना त्याला?

भाऊ : तासाभराचा रस्ता होता. तो विव्हळत होता. काहीतरी बोलत राहायला हवं म्हणून बोललो.

डॉक्टर : त्यानं काय उत्तर दिलं?

भाऊ : बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

रिसेप्शनिस्ट : मॅडम, परवाना कार्यालयाचे साहेब आलेत.

भाऊ : धाकटे, ते कार्ड माझ्याकडे दे.

डॉक्टर : बसव त्यांना दोन मिनिटं.

रिसेप्शनिस्ट : बसायला तयार नाहीत. दाराशीच उभे आहेत.