सोपानआबांचं तेरावं

बारामतीत एका मठाच्या बेघर निवाऱ्यात पंगत बसली होती. वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण माधवीनं दिलं होतं. वाढत वाढत ती सोपानआबा आणि सरुबाईंपर्यंत आली. दोघं बोलण्यात गुंग होती.

“आबा, उद्या लेक न्यायला येतीय. गुमान जावा.”

“कसा जाऊ, सरुबाई? मी सापडंना म्हणून घरच्यांनी माझं तेरावं घातलंय. समदं निरवांगी गाव जेवून गेलं.”

“मग? जेवलेलं परत मागत्यात व्हय तुमच्याकडं?”

“लेकीला लाज वाटंल.”

“लाज? मठाच्या म्हाराजांनी फोन लावला तवा ती आसं रडली, की त्यांनी फोन कानापासनं लांब धरला.”

“...हितं न्हावी कवा येतो गं? पोरीनं मला दाढीत कधी बघितलं न्हाय.”

“येईल सकाळी. आधी जेवा. ताई, वाढा की, हात का थांबला?”