पाटावरचा पापड

घर्रर्रर्र…!

दुपारची सामसूम. देवरुखातलं एक घर. बाहेर कावळासुद्धा पेंगलेला. साडेतीन वर्षांची एक पोर, नाव मनवा, तिला थोपटून थोपटून, दोन गाणी आणि एक थाप खर्चून – हो, तीच थाप, 'झोपलीस तर आइस्क्रीम देईन' – एकदाची निजवलेली. तिची आई केतकी पाय न वाजवता उठली. टेबलाशी बसली. नवऱ्याचा जुना लॅपटॉप हळूच उघडला. आणि त्याचा पंखा जो सुटला, जो सुटला – पिठाची गिरणी बरी! घर्रर्रर्र!

पोर उठून बसली. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "आइस्क्रीम?"

हसा मंडळी, हसा! ज्यांनी पोरं निजवलीत त्या बायाच हसतायत बरं का. पुरुष मंडळी नुसती इकडंतिकडं बघतायत!

तर आज नवमी. आजच्या कीर्तनाला प्रश्न एवढाच – औजार थोर ठरतं कशानं? वजनानं? किमतीनं? चार माणसांनी 'वा वा' केल्यानं? आणि त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न – औजाराची पूजा म्हणजे नेमकं काय? सकाळी तुम्ही सगळ्यांनी खंडेनवमी केलीत. कोयत्या पुजल्यात, पाने-पक्कड पुजलेत, रिक्षा धुऊन हार घातलेत. 'आज औजाराला हात लावायचा नाही,' असं पोरांना बजावलंत. पेटीवाले नानू, तुम्हीही पेटी पुजलीत ना? हळदीकुंकू दिसतंय की! मग आता वाजवताय कशी? – थांबा, थांबा, उत्तर देऊ नका. आख्यान संपेपर्यंत तसेच अडकून राहा!

ऐका. ही केतकी लग्नाआधी मुद्रितं तपासायची. म्हणजे काय? पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचायच्या. तांदूळ निवडतो ना आपण, तसं. नजर सगळी दाण्यावर, आणि बोटाला खडा कळला पाहिजे! मनवा झाली आणि ते काम सुटलं. आणि काय होतं माहितीय? काम सुटलं की आधी पगार जातो, मग ओळख जाते. 'काय करतेस?' कुणी विचारलं, की 'काही नाही, घरीच असते.' सकाळपासून कंबर टेकलेली नाही, आणि म्हणे काही नाही!

अशात पुण्याच्या एका संस्थेकडून निरोप आला. 'मुलांच्या गोष्टींची पुस्तकं काढतो. घरी बसून तपासाल का? एक पुस्तक नमुन्याला देऊ. नवमीच्या संध्याकाळी ते छापायला जायचंय. काम पसंत पडलं तर कायमचं तुमच्याकडे.'

केतकीला वाटलं, बंद दाराची कडी निघाली! पण वेळ कुठला? पोर निजेल तेव्हा, खेळेल तेव्हा, आमटीला उकळी येईपर्यंत. चोरलेला वेळ! आणि मंडळी, चोरी करायला निघालेला माणूस बरोबर गिरणी घेऊन जातो का?

म्हणून ठरलं – नवा लॅपटॉप. स्वस्तातला. हलका. न बोलणारा!

दुकानात बरोबर मनवा होतीच, आणि दीर गेला. नीलेश. वय वीस, ज्ञान अमर्याद! "वहिनी, सोळा जीबी घ्या. ग्राफिक कार्डवाला घ्या. त्यावर कुठलाही गेम पळेल."

"पळवणार कोण, भाऊजी?"

"तसं नाही... पण असावं."

'असावं!' या एका शब्दावर अर्धा बाजार चालतो बरं का!

दुकानदारानं एक काळंकभिन्न धूड पुढं ठेवलं. मागं लाल दिवे. उघडल्यावर असं भासलं की आता आरती म्हणेल. केतकीनं काय केलं? मनवाला उचलून कडेवर घेतलं, आणि मोकळ्या हातानं ते धूड उचललं. खांदा खाली आला. "नको." दुसरा उचलला. मनगट वाकलं. "नको."

दुकानदार म्हणाला, "ताई, भोपळे घेताय का?"

"भोपळे घेताना तर नुसती पिशवी असते हो. इथं ही पण आहे."

तिसरा उचलला – आला! वहीसारखा आला. मग तिनं काय करावं? तो चालू केला आणि कानाला लावला. आपण शंख लावतो तसा! नीलेशनं तोंड फिरवलं. दुकानदार म्हणाला, "अहो ताई, तो फोन नाही!"

"माहितीय. घरघरतो का ते ऐकतेय."

"याला पंखाच नाही, ताई."

केतकीचा चेहरा असा उजळला, जणू सासर-माहेर एका गावात आलं! मग दुकानाच्या दारात नेऊन उजेडात पडदा पाहिला. 'मनवा' असं लिहून कळा पाहिल्या, बोटाखाली नीट दबतात का. चार्जरसुद्धा हातात घेऊन तोलला – लॅपटॉप पापड आणि चार्जर वीट, असं असतं हो पुष्कळदा! दुकानदार म्हणाला, "याहून स्वस्त हवा तर हा चार जीबीचा न्या." तिनं उघडून पाहिला. उघडता उघडता तो जांभया द्यायला लागला. "नको. तो आठचाच बास. इतका स्वस्त नको की माझा चोरलेला वेळ हाच खाईल."

बघा! जास्तीलाही नाही म्हणाली, कमीलाही नाही म्हणाली. सोपं नाही मंडळी! आपल्याला एक तर ताट सांडेपर्यंत वाढून हवं, नाहीतर फुकट हवं!

वस्तू घरी आली. घरी सासूबाई, द्वारकाबाई. अर्ध्या देवरुखाचे ब्लाउज यांनी शिवलेले. शिवणयंत्र यांचं लोखंडी, पायाचं, हलवायला दोन गडी लागतात. त्यांनी लॅपटॉप चिमटीत धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "हा? हा तर पापड! फुंकर मारली तर उडेल. काम करायचं म्हणजे कसं, वस्तूत जीव पाहिजे."

झालं! त्या दिवसापासून त्याचं नाव पापड.

पण पापडानं घर धरलं हो. ओट्यावर, डब्यांच्या शेजारी तो उभा. झोपाळ्यावर केतकीच्या मांडीवर तो, आणि त्याच मांडीच्या उरलेल्या तुकड्यावर मनवा. वीज गेली – आणि देवरुखात ती पाहुण्यासारखी, येते कमी, जाते फार – तरी त्याचा उजेड चालूच. द्वारकाबाईंचं विजेचं बिल त्यावरून भरलं जाई. नाशिकची बहीण त्यावर दिसे. "किती वाळलीस गं!" म्हणून दोघी रडून घेत. पण केतकी कामाला बसली आणि शेजारीण आली, 'सूनबाई कुठंय?' म्हणाली, की द्वारकाबाईंचं उत्तर ठरलेलं – "असेल आत. खेळतेय पापडाशी."

मंडळी, शिवी नव्हती ती. चेष्टाच होती. पण केतकीच्या बोटाखालचा शब्द दर वेळी अडखळायचा. शिवणयंत्र खडखडतं, म्हणून ते काम. आणि हे आवाज करत नाही, म्हणून खेळ? आणि गंमत बघा, आवाज नको म्हणूनच तर तिनं तो घेतला होता!

आली खंडेनवमी. पुस्तक जवळजवळ झालेलं. शेवटची एक गोष्ट तपासायची उरली होती. केतकी मनात म्हणाली, मनवाला न्हाऊ घालते, आणि बसते. न्हाणीघरातून बाहेर आली. पोर टॉवेलात गुंडाळलेली, डोक्याला शेंडी. आणि माजघरात बघते तो – पाट मांडलेला. पाटाशेजारी शिवणयंत्राला हार. पाटावर कात्री, टेप, विळी, हेमंतची, म्हणजे नवऱ्याची, पेनं. आणि कात्रीच्या शेजारी, मधोमध, मिटलेल्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, झेंडूचं फूल आणि अक्षता ल्यायलेला – पापड!

द्वारकाबाई हात जोडून म्हणत होत्या, "याचंही काम होतं म्हणे घरात. बसू दे त्यालाही." आणि मग नेहमीच्या आवाजात सगळ्यांना – "उद्या दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. औजारांना आज विसावा!"

आता आली का पंचाईत? ज्या मानाची इतके महिने वाट पाहिली, तो मान पाटावर बसला. आणि काम त्या मानाखाली दबलं! पुस्तक संध्याकाळी छापायला जाणार. उचलावा तर सासूनं पहिल्यांदा हात जोडले तिथूनच उचलायचा. न उचलावा तर काम गेलं. जुना लॅपटॉप? त्याची गिरणी केव्हाच बंद पडलेली. केतकीनं पुण्याला फोन केला. तिकडची बाई भली होती, पण म्हणाली, "छापखाना थांबत नाही हो. संध्याकाळपर्यंत आलं तर बघा."

काय केलं असतंत तुम्ही? खरं सांगा!

केतकीनं फोन ठेवला. न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला.

इकडं स्वयंपाकघरात द्वारकाबाई. नैवेद्याचं सगळं आदल्या दिवशी चिरून ठेवलेलं. पण कोथिंबीर राहिली! आणि दिराचे दोन मित्र आगंतुक जेवायला. भाजी पुरेना. विळी कुठं? पाटावर. द्वारकाबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पाटाशी गेल्या. विळीवर चार अक्षता टाकल्या, तिला जागची जराशी सरकवली आणि पुटपुटल्या, "ऊठ बाई. पोरं जेवायचीत." आणि पदराखाली घेऊन चालू लागल्या!

वळतात तो मागं मनवा. डोळे बशीएवढे.

"आजी! विळीचा विसावा संपला?"

"शूऽ! अगं, अक्षता टाकून जागचं हलवलं, की पूजा उतरते. भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवून कुठली गं पूजा?"

मनवानं विचार केला. म्हणाली, "मग आईच्या पापडाला पण हलव. आई मघापासून तोंड धुतेय. साबण न लावता."

द्वारकाबाई होत्या तिथं उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. साबण न लावता तोंड किती वेळ धुतात आणि का धुतात, हे त्यांना सांगायला हवं?

दारावर टकटक केली. "केतकी, बाहेर ये बघू. काय राहिलंय तुझं?"

"एक गोष्ट, आई. शेवटची. संध्याकाळी जायचंय ते."

"मग तोंड होतं ना? बोलली का नाहीस?"

केतकीनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं तोंड पुसलं. म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा त्याला मशीनच्या शेजारी बसवलंत. मला हलवावंसंच वाटेना."

मंडळी, घरात एवढं बोलून झाल्यावर जी शांतता होते ना, तिला देऊळ म्हणतात.

द्वारकाबाई पाटाशी गेल्या. लॅपटॉपवर अक्षता टाकल्या. हलवायला बोट लावलं मात्र – सुर्रर्रकन पार पाटाच्या कडेला! सासूबाईंनी झेल घेतला म्हणून, नाहीतर खरंच पापड मोडला असता. हसू दोघींनाही आवरेना.

"अगो, माझं मशीन हलवायला हेमंता आणि नीलेश दोघं लागतात. याला एक बोट पुरलं!" म्हणाल्या, "हलका आहे, म्हणून हाकेसरशी उठतो बिचारा. जा, बस. आणि ते स्वस्तिक पुसू नकोस."

केतकी ओट्यापाशी बसली. इतक्यात वीज गेली. जाणारच, नवमी आहे म्हणून थांबेल? पण पापड उजळलेला! फोनचं इंटरनेट जोडलं. एका बाजूला सासू कोथिंबीर चिरतेय, एका बाजूला सून चुका वेचतेय. कोण आवाज करतंय आणि कोण नाही, याचा हिशेब त्या दिवशी कुणी ठेवला नाही. संध्याकाळच्या आत पुस्तक गेलं. आणि दिवेलागणीला उत्तर आलं – 'पुढची दोन पाठवतो.' उदो बोला, उदो!

आता नानू, सुटलात तुम्ही. सांगा, पुजलेली पेटी वाजवता कशी? काय? 'देवीपुढं वाजवायचीय, अक्षता टाकून उचलली!' बघा, नानूंना ठाऊक होतं. वाजवा!

आणि आता तुमच्याकडं वळते. कपाटात चाचपून बघा, 'असावं' म्हणून आणलेलं काय काय पडलंय. व्यायामाची सायकल आहे ना? तिच्यावर टॉवेल वाळतायत ना? पुढच्या वेळी वस्तू घ्याल तेव्हा कडेवरचं पोर कडेवर ठेवून उचलून बघा. आणि दुसरं. तुमच्याही घरात कुणीतरी आवाज न करता काम करत असेल. उद्या सोनं देताना तिला 'सोन्यासारखी राहा' एवढंच म्हणू नका. विचारा – 'तुझं काम कुठवर आलं? काय हलवू?'

एक सांगायचं राहिलं. वीज गेलेली, आणि केतकी त्या शेवटच्या गोष्टीत बुडालेली, तेव्हा मनवा हळूच तिच्या मांडीला येऊन चिकटली. झाकणावरच्या स्वस्तिकावरून तिनं बोट फिरवलं.

"आई, आजीनं अक्षता टाकल्या. म्हणजे देवबाप्पा आता यातून गेला?"

"हं. गेला."

"विळीतून पण?"

"हो गं राणी. मला एवढं करू दे."

पोर तिथंच टेकली. आजीच्या हाताकडं बघत राहिली – चर्र, चर्र, कोथिंबीर. मग आईच्या बोटांकडं बघत राहिली. ती बोटं थांबतच नव्हती. आणि मंडळी, तिनं जे विचारलं, त्यानं ती बोटं थांबली. विळीही थांबली. सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं.

"आई, देव तर गेला. मग आता हे सगळं कोण करतंय?"