छाटणी वर्षातून एकदाच

आमच्या ऑफिसातल्या सागरने माझ्या वडिलांशी, आप्पांशी, फोनवर घातलेला वाद तुम्हाला सांगितलाच नाही, नाही का?

आम्ही द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप बनवत होतो. कुठली माहिती घ्यायची आणि कुठली नाकारायची, हे नियम पूर्वी आम्ही मोबाइल, वेबसाइट, सर्व्हर अशा तीन जागी हाताने लिहायचो. सागर म्हणाला, "आता डेटाबेसचं मॉडेल, म्हणजे माहितीचा आराखडा, एकदाच लिहायचं. त्यावरून नियम आपोआप तयार होतात. चूक होणारच नाही!"

पण सागर पडला शहरातला, पंचवटीतला; द्राक्षबाग त्याने लांबूनच पाहिलेली. त्याने मॉडेलमध्ये लिहिलं, एका बागेला वर्षात एकच छाटणी. मग काय, तीच चूक तिन्ही जागी आपोआप तयार झाली.

ऑक्टोबरात दिंडोरीहून आप्पांचा फोन. त्यांच्या शब्दावर गावातले बागायतदार ॲप घेणार होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमचं ॲप म्हणतंय, यंदाची छाटणी झालेली हाय. मग मी कात्री घेऊन बागेत काय दाढी करतोय का?"

सागर म्हणाला, "पण आप्पा, एप्रिलमध्ये झाली ना?"

"अरे, ती काडीसाठी, नव्या फांद्या वाढायला. आत्ताची फळासाठी. ही नाय केली तर द्राक्षं कुठून येतील?"

सागरने गुपचूप मॉडेलमधली ती अट कापून टाकली आणि नियम पुन्हा तयार केले. "आता बघा, आप्पा."

"घेतलं की! लय लवकर केलं सगळं."

"एकाच जागी कापलं, आप्पा. बाकीचं आपोआप आलं."

"एका जागी कापलं अन् सगळीकडं नवं फुटलं? मग तू पण छाटणीच केली की! आता मला माझी करू दे."