अकराव्या रकान्यातल्या टिकल्या

— नाही हो साहेब, मी कुठे काय बोलतेय? तुम्ही मोजा ना. छप्पनपर्यंत आला होतात. की पासष्ट? बघा, विसरलात, आता पुन्हा पहिल्यापासून आलं. त्यापेक्षा बसा आधी. ती खुर्ची नको, तिचा एक पाय पुस्तकावर उभा आहे — कायद्याचं पुस्तक आहे, जाडजूड, एकोणीस वर्षांत एकदाही कुणी मागितलं नाही, म्हटलं काहीतरी काम तरी कर — ही घ्या. थोडं उकडेल, पंखा मीच बंद केलाय. कशाला म्हणजे? टिकल्या उडतात! तुमच्या ऑफिसने इतक्या स्वस्तातल्या टिकल्या आणल्यात की डिंक लावलाय का नुसता दाखवलाय तेच कळत नाही. पण ते मग सांगते. पाचला मोजणी बंद, सही, शिक्का, आणि फळा काखोटीला मारून तुम्ही नगरपालिकेत. अजून पाऊण तास आहे. मोजा, मोजा.

हळू कशाला बोलू? त्या कोपऱ्यातल्या बाई? पेपर तोंडासमोर धरलेल्या? अहो, त्या आमच्या सासूबाई. त्यांना काही ऐकू येत नाही. कानातलं यंत्र काढून चष्म्याच्या डबीशेजारी ठेवतात आणि तीन ते पाच पेपर वाचायच्या नावाखाली झोपतात. बसल्या बसल्या! पेपर खाली पडत नाही, मान कलत नाही. चौतीस वर्षं नर्स होत्या, रात्रपाळीत शिकल्या म्हणे. तुम्ही इथे बँड वाजवलात तरी पान हलायचं नाही.

तर तुमच्या ऑफिसचं डोकं मात्र मानलं हं. गावाचा पैसा कुठे लावायचा ते गावालाच विचारा — वहीत सही करा, तीन हिरव्या टिकल्या घ्या, आणि फळ्यावर आपल्याला हव्या त्या कामापुढे चिकटवा. दहा कामं छापलेली, अकरावा रकाना कोरा, वर लिहिलेलं 'इतर'. पहिली तीन कामं यंदा होणार, बाकीची पुढे कधीतरी — म्हणजे कधीच नाही, ते काय आम्हाला कळत नाही का? आठ दिवस नुसती जत्रा होती इथे. एरवी दिवसाला चौदा माणसं येतात, त्यातली सहा बाथरूमला. आणि या आठवड्यात रांग! एका आजोबांनी तिन्ही टिकल्या बाहेर जाऊन आपल्या घरासमोरच्या खड्ड्यावरच नेऊन चिकटवल्या. खोटं वाटतं? जाऊन बघा, एक अजून आहे.

आमचा रकाना सातवा. 'वाचनालयाचं छत दुरुस्त करणे व वाचनालय चालू ठेवणे.' छत बघताय ना? त्या डागाला आम्ही नकाशा म्हणतो, दर वर्षी त्यात एक नवा देश निघतो. सातवा पहिल्या तिनात आला नाही तर महिनाअखेरीला टाळं, पुस्तकं खोक्यात, आणि मी तुमच्याकडे आवक-जावकच्या खोलीत. ते एक वेळ चालेल. पण सासूबाई? त्यांचं काय? मामंजी गेल्यापासून गेली सहा वर्षं त्या रोज दहा ते पाच इथे. दहा ते पाच इथे म्हणून पाचनंतर आम्ही दोघी घरात गुण्यागोविंदाने. एका छताखाली नांदतोय त्या या दुसऱ्या छतामुळे, साहेब! हे बंद झालं तर दिवसभर त्या घरी, मी तुमच्या ऑफिसात, आणि माझी स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी — संध्याकाळी घरी जाईन तर मीठ औषधांच्या कपाटात आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, 'फक्त बाह्य वापरासाठी'. हसू नका. निवृत्त होऊन घरी बसल्या त्या पहिल्या महिन्यात झालंय हे.

आणि अकरावा? तोच सांगते ना. पहिला दिवस, सव्वादहा. मी फळा पुसत होते, सासूबाई आल्या, स्वतःचं पेन काढलं, आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं — बघा ते अक्षर, तापाच्या तक्त्यावर लिहायच्या तसंच, सरळ, टपोरं — 'गांजा कायदेशीर करावा.' पूर्णविराम. मी म्हटलं, "अहो आई, हे काय! हा गटारांचा फळा आहे!" तर म्हणाल्या, "वर काय छापलंय? आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहा. सुनेला काय वाटतं ते लिहा, असं छापलंय का?" आणि आपल्या तिन्ही टिकल्या ओळीने तिथे लावल्या. पाठीशी उभे होते निवृत्त हवालदार, बुद्धिबळाला येतात रोज. ते भडकले. "बाई, तीस वर्षं मी हेच पकडलं! उद्या गल्लीगल्लीत धूर होईल!" सासूबाई म्हणाल्या, "आज काय होतोय? तीस वर्षांत विझवलात का?" अश्शी जुंपली म्हणता! रांगेतली माणसं रांग सोडून इकडे. हवालदार म्हणतात, मुलं वाया जातील. सासूबाई म्हणतात, दारूच्या दुकानाला पाटी आहे, दिवे आहेत, तिथे मुलं शहाणी होतात का? हवालदार म्हणतात, एक वाईट आहे म्हणून दुसरं आणायचं? आणि खरं सांगू, तेही काही चुकीचं बोलत नव्हते. मी दोघांना पाणी दिलं. दोघांनी एकमेकांचा पेला उचलला, तेही कळलं नाही त्यांना.

पण तिसऱ्या दिवशी समोरची शिवणवाली आली. ती भांडली नाही. हळूच म्हणाली, "नर्सबाई, माझ्या धाकट्या भावाचं डोकं त्यानेच फिरलं. तो अजून भिंतीशी बोलतो. तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं." झालं. सासूबाईंनी पेपरसुद्धा उघडला नाही. दुपारी झोपल्या नाहीत. चारला उठल्या, आणि खाली बारीक अक्षरात जोडलं — दिसतंय का, चष्मा लावा — 'औषध म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, दुखणाऱ्यांसाठी.' दुसऱ्या दिवशी शिवणवाली आली, पुन्हा वाचलं, एक टिकली लावली, आणि गेली. साहेब, मी एकोणीस वर्षं या खोलीत लोकांना वाचताना बघतेय, पण कुणी इतकं वाचून काही केलेलं पहिल्यांदाच बघितलं.

काय म्हणालात? ही ओळ इतकी घट्ट कशी? बाकीच्यांच्या कडा उचलल्यात, इथल्या काहींच्या नाहीत? तेच तर! मी लावलेल्या टिकल्या पडत नाहीत, मी पुस्तकं चिकटवायचा डिंक —

मोजा ना. का थांबलात?

बरं. आता तोंडातून गेलंच आहे तर नीट ऐका, अर्धवट ऐकलंत तर वाईट दिसेल. रोज सकाळी केर काढायला आले की फळ्याखाली दहा-अकरा टिकल्या पडलेल्या. कुणाच्या? कुठल्या रकान्यातल्या? टिकलीवर थोडंच नाव असतं! आता केरात टाकायच्या? एखादा माणूस बिचारा दोन बस बदलून येतो, आपलं मत लावतो, आणि मी सुपलीत भरून कचऱ्यात घालू? माझा हात होईना. मग लावायच्या कुठे? सातव्यात लावल्या असत्या तर चोरी झाली असती. मी इथली नोकर, माझंच छत! चौथ्यात कारंजं आहे, कारंज्याला मी मेले तरी लावणार नाही. मग उरलं काय? अकरावा. तो तर तुम्ही लोक थट्टा म्हणून खोडूनच टाकणार. म्हणजे कुणाचं नुकसान नाही, कुणाचा फायदा नाही, आणि मत केरात गेलं नाही. अहो, मी स्वतःवरच इतकी खूष झाले, म्हटलं आपण नगरपालिकेत असायला हवं होतं!

आता खरं सांगू? हे झालं एक कारण. दुसरं पण आहे. दुसऱ्या दिवशी पाचला निघताना सासूबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. अकराव्यात तीनच टिकल्या. तिन्ही त्यांच्याच. रात्री अर्धं ताट ठेवून उठल्या. आणि मला ना, मामंजींचे शेवटचे दोन महिने आठवले. पोटात काही ठरायचं नाही. नऊ दिवस अन्नाचा कण नाही. दवाखान्यातून आणलेली सगळी औषधं झाली. आयुष्यभर नियमाने चाललेली बाई, गोळीची वेळ पाच मिनिटं चुकली तर मला वहीत लिहायला लावणारी — तिने एका संध्याकाळी हवालदारांनी डब्यातून आणून दिलेलं ते काहीतरी —

हवालदारांनी असं मी म्हटलं का? नाही म्हटलं. कुणीतरी. कुणीतरी आणून दिलं. हवालदार बुद्धिबळाचा डाव घेऊन आले होते, तेवढंच. पेन खाली ठेवा बरं.

ते त्यांनी चमच्याने दिलं. दिलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. तासाभराने मामंजी म्हणतात, भूक लागली. भूक! वाटीभर दूध-पाव खाल्ला, वाटी चाटली, आणि मग वर बघून हसायला लागले. आम्ही घाबरलो. तर म्हणतात, "अगं, हा पंखा बघ. बिचारा कुठेही पोचत नाही, पण किती मनापासून फिरतोय!" आणि सासूबाई हसल्या, साहेब. माझ्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती, मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं, मला वाटायचं त्यांच्या चेहऱ्यात ती सोयच नाही. शेजारी ऐकतील म्हणून तोंडावर उशी दाबली, आणि आवाज नाही, नुसते खांदे गदागदा हलतायत! मग मलाही आवरेना. तिघं वेड्यासारखे पंख्याकडे बघून हसतोय. त्यानंतर अठरा दिवस ते जेवले. अठरा. मग गेले. जेवून गेले. आता तुम्हीच सांगा, पहाटेची पडलेली टिकली उचलल्यावर माझा हात कुठल्या रकान्याकडे जाईल?

आणि मज्जा काय झाली, तिथे पंधरा-वीस टिकल्या दिसल्यावर बाकीचेही लावायला लागले. माणसाला गर्दी दिसली की पाय वळतातच. सासूबाई रोज सकाळी मोजायच्या. "आज सव्वीस! रात्रीत दहा वाढल्या!" रात्रीत कशा वाढतील, आई? असं विचारलंसुद्धा नाही मी. घरी जाताना हात हलवत चालायच्या, शाळा सुटलेल्या मुलीसारख्या. काल तर मला म्हणाल्या, भाजी छान झालीय. मी गॅस बंद करून खुर्चीवरच बसले.

तर तुम्ही आता तो खोडा, आणि त्यांना मी काहीतरी सांगते, वरच्या ऑफिसात पाठवला म्हणून — काय? खोडत नाही? 'इतर'सुद्धा धरतात? पहिल्या तिनात आला तर ठराव करून खरंच वर पाठवायचा?

थांबा. थांबा हं. पाण्याचे पाइप एकशे नव्वद. रस्त्यावरचे दिवे एकशे एकाहत्तर. अकरावा — एकशे एक्कावन्न?! आणि सातवा एकशे वीस. म्हणजे सातवा चौथा. म्हणजे मी — रोज सकाळी — माझ्याच डिंकाने — माझंच छत — अगं बाई गं! हसू नको तर काय करू? रडले तर टिकल्या भिजतील. सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच भाजी छान झाली म्हटलं, आणि त्यासाठी मी त्यांची दहा ते पाचची खुर्ची घालवली! आता दिवसभर घरी! मीठ औषधाच्या कपाटात!

मोबाइलची बत्ती कशाला? हां. हां, बरोबर! तिरकी धरा, अशी. माझ्या डिंकाच्या कडा चमकतात. काढा साहेब, माझ्या सगळ्या काढा, बेवारस म्हणून लिहा, बाद म्हणून लिहा, वर माझं नाव लिहा हवं तर. मीही मोजते तुमच्याबरोबर... अठ्ठावन्न, एकोणसाठ, ही साठ, एकसष्ट, ती वरची कोपऱ्यातली बासष्ट. बासष्ट. एकशे एक्कावन्नातून बासष्ट गेल्या — एकोणनव्वद. सातवा एकशे वीस. तिसरा! सातवा तिसरा! छत आलं! साहेब, तुम्हाला चहा पाजू? मिठी मारता येत नाही म्हणून चहा!

पण एक मिनिट. एकोणनव्वद? न चमकणाऱ्या? मला वाटलं होतं वीस-पंचवीस असतील, बाकी सगळा माझाच उद्योग. एकोणनव्वद टिकल्या लोकांनी स्वतःच्या हाताने लावल्या? त्या गंभीर चेहऱ्याच्या, पिशवी घेऊन येणाऱ्या, बाथरूमला येणाऱ्या लोकांनी? अहो, मग किती घरांत कुणीतरी न जेवता पडलंय, आणि कुणी बोलत नाही! आणि ही टिकली तर ते कारंजं मागणाऱ्या शेठचीच, शिक्क्याच्या शाईने त्याचा अंगठा कायम निळा असतो, बघा ठसा.

फक्त एवढं करा, सासूबाईंना बासष्टचं सांगू नका. एकोणनव्वद सांगा. नुसतं एकोणनव्वद, ते खरंच आहे. आणि हवालदारांचं तर मी बोललेच नाही. मामंजींचं पण. तुम्ही काही ऐकलं नाही, त्यांनी काही ऐकलं नाही, यंत्र तिथे चष्म्याच्या डबीशेजारी —

साहेब. डबीशेजारी होतं ना ते? तुम्ही आलात तेव्हा? मी बघितलं होतं. मी नक्की बघितलं होतं.

आता नाहीये.

पेपर हलतोय. सगळं पान हलतंय, खांद्यांसकट. आणि पंखा तर मी मघाशीच —

उठा, साहेब. पाच वाजले. फळा घ्या, टिकल्या घ्या, शिक्का घ्या, तो चहा पुढच्या वेळी. वाचनालय बंद. निघा म्हणते ना!

...आई?