आधीचा ड्रायव्हर

डोळे तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे मामा-भाचे होते. भाच्याला ट्रकचं लायसन्स नुकतंच मिळालेलं.

"मोठी कंपनी तीन महिने वस्ताद ड्रायव्हरशेजारी बसवणार, मामा. हा दुसरा ट्रकमालक उद्याच गाडी देतोय."

"एकट्याला?"

"हो. घाटातून माल न्यायचा."

"ब्रेक पाहिलेस?"

"आवारात दोन फेऱ्या मारल्या. लागतात."

"रिकामी गाडी कुणाचीही थांबते रे. आधीचा ड्रायव्हर कुठंय?"

"मालक म्हणाला, भांडून तडकाफडकी घरी गेला."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

"त्याचा चष्मा केबिनमध्येच आहे. जाड भिंगांचा. त्याशिवाय माणूस घरी जाईल कसा?"

"आणि तू हो म्हणालास?"

"चावी खिशात आहे, मामा."