विषय : बाथरूमची आतली कडी

विषय : बाथरूमच्या दाराला आतून नवी कडी बसवण्याबाबत. संदर्भ : जुनी कडी, जी ऐन आंघोळीच्या वेळी आईच्या हातात आली.

तीस वर्षं कारकुनी केली, पण तुम्हाला सांगतो, एवढी किचकट फाइल कधी हाताळली नाही! दार एक, अधिकारी तीन! बायकोला हवी पितळी, नक्षीची, "अहो, पाहुणे हात लावतात तिला!" मुलाला हवी मजबूत, "बाबा, सेफ्टी बघा, सेफ्टी!" जसे काही चोर आमच्याकडे आंघोळीला येणार आहेत... आणि आई, वय ब्याऐंशी, तिचं एकच, "मी आत असताना कुण्णालाही दार उघडता येता कामा नये. तुला तर नाहीच!"

दुकानदारानं चौदा कड्या मांडल्या, त्यातली एक तान्हं बाळ दाखवावं तशी पुढे केली, "साहेब, ही आतून लावली की सुताराच्या बापालाही बाहेरून उघडणार नाही." म्हटलं, "अहो, आत माझी आई असते, तिजोरी नव्हे!"

मग काय, तुलनात्मक तक्ता केला, तिघांचे शेरे मागवले. बायकोचा शेरा, 'दिसायला बरी नाही.' मुलाचा, 'पातळ आहे.' आईचा, 'नको.' दार एक, अधिकारी तीन! यात अकरा दिवस गेले. तोवर आईनं माझ्या जुन्या फायलींची लाल फीत घेतली, दारात उरलेल्या जुन्या कडीच्या भोकातून ओवली, आतून चौकटीच्या खिळ्याला बांधली... दुहेरी गाठ!

बाराव्या दिवशी सकाळी आतून धप्प! "आई?" उत्तर नाही. "आई!" नुसता नळ वाहतोय... दार ओढलं, दोन बोटं फट पडली, फटीत लाल फीत दिसली, बायको कात्री घेऊन धावली आणि... कच्च! आत आई फरशीवर, टॉवेल हनुवटीपर्यंत, "ओरडतोस काय? बहिरी नाही मी. ओ दिली असती तर पडले म्हणून सांगावं लागलं असतं!"

नुसता घोटा मुरगळलेला! बाकी हाड न् हाड जागेवर! मी तिथेच ओल्या फरशीवर बसून हसत सुटलो. अहो, लाल फितीमुळे काम झटपट झालं, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं! त्या दुकानदाराची कडी असती तर... नको, विचारच नको.

आता कडी ठरली आहे. आतून घट्ट लागते, वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येते, रंग पितळी. बायको खूश, मुलगा खूश. दार एक, अधिकारी उरला एक! आईकडे रीतसर अर्ज केला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. "ते नाणं कुणाकडे राहणार?" म्हटलं, "तुझ्या सुनेकडे." म्हणाली, "बघते."

त्याला आज सतरा दिवस झाले. दोन स्मरणपत्रं दिली. अर्ज विचाराधीन आहे.